आमच्या प्रतिनिधीकडून

निपाणीत उतरा, खानापुरात उतरा, नाहीतर बेळगावातल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. सरकारी कचेरीच्या फाटकाजवळ जो चहाचा गाडा असेल, तिथं हा गृहस्थ भेटणारच. अंगात एकेकाळी पांढरा असलेला बुशशर्ट. खिशाला दोन पेनं, एक चालणारं आणि एक सत्कारात मिळालेलं. काखेत रेक्झिनची बॅग. शेजारी उभ्या मोटरसायकलवर, जिथं बाकीचे लोक 'आईचा आशीर्वाद' लिहितात तिथं, लाल अक्षरांत 'प्रेस'. पुढच्या बाजूला मराठीत आणि मागच्या बाजूला कन्नडमध्ये. असं का, म्हणून विचारलं तर तो गंभीरपणे सांगतो, "पुढून येतो तो आपला माणूस असतो. मागून येतो तो पोलीस."

गेली चाळीसेक वर्षं हा माणूस रोज छापून येतोय, पण त्याचं नाव एकदाही छापून आलेलं नाही. 'निपाणी : प्रतिनिधी' एवढीच त्याची छापील ओळख. गावानंही ती मान्य केली आहे. नगराध्यक्ष त्याला प्रतिनिधी म्हणतात, दवाखान्यातला कंपाउंडर केसपेपरवर 'प्रतिनिधी' लिहितो, आणि घरी फोन केला तर खुद्द वहिनी सांगतात, "प्रतिनिधी अजून जेवायला आले नाहीत, कुठंतरी उद्घाटन असंल." मुलाच्या लग्नपत्रिकेत खरं नाव छापलं तेव्हा निम्म्या गावाला हे कुणाचं लग्न ते कळलं नाही.

लोकांना वाटतं, पत्रकार म्हणजे बातम्या लिहिणारा. तालुक्याच्या गावात हे काम त्याच्या धंद्याचा लहानसा कोपरा असतो. प्रतिनिधी हाच त्याच्या दैनिकाचा एजंटही आहे. पहाटे चारला स्टँडवर उभं राहून गठ्ठे उतरवून घ्यायचे, पोरांना वाटून द्यायचे, एखादा पोरगा आला नाही तर स्वतः सायकल काढायची. दहा वाजता बातमीच्या शोधात निघायचं, दुपारी जाहिरातीच्या, आणि महिनाअखेरीला बिलाच्या. बातमी लिहिणारा, छापून आलेली विकणारा, दारात टाकणारा आणि 'काल पेपर भिजला होता' म्हणून शिव्या खाणारा माणूस एकच. वाचकांचा पत्रव्यवहार हे सदर त्याच्या बाबतीत तोंडी आणि सकाळी सहा वाजता चालतं.

त्याचं उच्च शिक्षण परराज्यात झालं. ऐकायला भारदस्त वाटतं, पण निपाणीकरांना त्यात नवल नाही. निपाणीचं म्हणून सगळे ओळखतात ते देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे, म्हणजे गावाच्या कडेला, पण हद्द महाराष्ट्राची, तालुका कागल. प्रतिनिधी सकाळी कर्नाटकात आंघोळ करून महाराष्ट्रात तासाला बसायचा आणि दुपारी जेवायला परत कर्नाटकात यायचा. सीमाप्रश्न म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. तो त्याच्या डब्यातच होता.

बातमीची गोडी मात्र त्याला लागली ती तंबाखूमुळे. 1981 साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले. मार्चच्या मध्याला सुरू झालेला तो रास्ता रोको 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात संपला. बारा शेतकरी गेले. त्या दिवसांत मोठ्या शहरांतले पत्रकार निपाणीत येऊन राहिले होते. ट्रंककॉल कुठून लवकर लागतो, रस्ता अडलेला असताना आडवाटेनं कसं जायचं, पोस्टातल्या कुठल्या माणसाला चहा पाजला की काम होतं, हे सगळं त्यांना दाखवत हा पोरगा हिंडला. जाताना त्यातल्या एकानं खांद्यावर थाप मारून 'तुझ्यात पत्रकार आहे' असं म्हटलं. पाहुण्यानं निघताना काहीतरी चांगलं बोलायचं असतं म्हणून तो बोलला असणार. यानं ते मनावर घेतलं.

त्या काळी बातमी एसटीनं जायची. पाकिटावर 'प्रेस मॅटर, अत्यंत तातडीचे' असं लिहायचं आणि कंडक्टरच्या हातात द्यायचं. कोल्हापूरच्या पेपरला महाराष्ट्राची गाडी, बेळगावच्या पेपरला कर्नाटकची. दोन्हीकडचे कंडक्टर प्रतिनिधीच्या खास ओळखीचे, कारण दोघांनाही तो फुकट पेपर द्यायचा. पण या व्यवस्थेत एक मुळातच खोट होती. सीमाभागात तणाव वाढला की पहिला दगड बसवर पडतो आणि पहिली बंद होते ती बस. म्हणजे बातमी जेवढी मोठी, तेवढी ती जायची सोय कमी. दोन्ही राज्यांच्या गाड्या आपापल्या हद्दीत थांबल्या, अशी बातमी त्यानं अनेकदा लिहिली आणि ती दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्यामुळे खिशात घेऊन बसला. मग मोटरसायकल काढायची, कागल गाठायचं आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत पाकीट टाकायचं. 'आमच्या प्रतिनिधीकडून' या दोन शब्दांमागं एवढं पेट्रोल जळलेलं असायचं, ज्याचं बिल कधीच मंजूर झालं नाही.

1986 चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन हे त्याच्या कारकिर्दीचं शिखर. त्या वेळी छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पोलिसांना ते ओळखू आले नाहीत, पण ओळखून गप्प बसलेली माणसं सीमाभागात आजही गल्लीगणिक सापडतात. प्रतिनिधी त्यांतला अग्रगण्य. "मी बघितलं, ओळखलं आणि मान वळवली," असं तो सांगतो. इतकी मोठी बातमी हाताशी असताना छापली का नाही, असं कुणीतरी विचारलंच. प्रतिनिधीनं चहाचा कप खाली ठेवला. "बातमी छापायची असते तशी ती ठेवायचीही असते मर्दा. आपल्या माणसाची बातमी आपण फोडायची?"

या एका वाक्यात त्याची सगळी पत्रकारिता आली.

ती त्यानं स्वतः शोधून काढलेली नाही. तिला मोठा वारसा आहे. सीमाभागातलं मराठी वृत्तपत्र जन्मलं तेच मुळी चळवळीच्या घरात. बाबूराव ठाकूरांनी 1919 साली बेळगावात 'तरुण भारत' काढला तो देश स्वतंत्र करायला. पुढे तोच पेपर सीमालढ्याचा आवाज झाला. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो 1946 साली, याच बेळगावच्या साहित्य संमेलनात. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, आणि तेही पेशानं संपादकच, नागपूरच्या 'तरुण भारत'चे. आचार्य अत्र्यांनी नोव्हेंबर 1956 मध्ये दैनिक 'मराठा' सुरू केला तो हातात वर्तमानपत्राएवढी लांब काठी असावी म्हणूनच. या मंडळींनी बाजू घेतली आणि त्याची किंमतही मोजली. जप्त्या, तुरुंग, लाठ्या सगळं सोसलं. समोर सरकार होतं आणि पाठीशी सगळा समाज होता, तेव्हा मधोमध उभं राहून दोघांचं म्हणणं टिपून घेणं कुणालाच सुचलं नसतं आणि शोभलंही नसतं.

अडचण नंतरची आहे. लढा कोर्टात गेला. महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि तेव्हापासून तारखा पडताहेत. पेपर मात्र अजून लढ्याच्याच पवित्र्यात उभा आहे. प्रतिनिधी समोरच्याला प्रश्न विचारण्यात वाघ आहे. कर्नाटक सरकारला तो अग्रलेखाला शोभतील असे प्रश्न विचारतो. केंद्राला विचारायचा प्रश्न 'आणखी किती वर्षे' असा सुरू होतो आणि महाराष्ट्र सरकारला विचारायचा 'आता तरी' असा. आपल्या माणसाला विचारायचा प्रश्न एकच, "जेवण इथंच, का पुढं?"

त्याचं कॅलेंडरही वेगळं आहे. वर्ष सुरू होतं 6 जानेवारीला. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली या तारखेला 'दर्पण' काढला म्हणून मराठी पत्रकार दिन. त्या दिवशी शाल आणि श्रीफळ. मग 17 जानेवारीला 1956 च्या हुतात्म्यांना अभिवादन. 1 जूनला हिंडलग्याच्या स्मारकापाशी 1986 च्या हुतात्म्यांना अभिवादन. 1 जुलैला कर्नाटकचा पत्रिका दिन, कारण मंगळूरला हेरमान मोग्लिंग नावाच्या जर्मन पाद्र्यानं 1843 साली याच तारखेला 'मंगळूर समाचार' काढला. त्या दिवशी शाल, हार आणि फळांची करंडी. दोन राज्यांचा तंटा साठ-सत्तर वर्षं चालू राहिल्याचा प्रत्यक्ष लाभ झालेला माणूस दाखवा म्हटलं तर मी प्रतिनिधीच्या शालींचं कपाट दाखवीन. अशा दोन-दोन पत्रकार दिनांना सत्कार घेणारा पत्रकार पुण्या-मुंबईत सापडणार नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात जांभेकरांच्या शाली, खालच्यात मोग्लिंगच्या. थंडीत पांघरताना तो भेद करत नाही.

या ठरलेल्या दिवसांच्या बातम्या त्याच्याकडं तयार असतात. संगणक यायच्या आधी त्या वहीत होत्या, आता फोनमध्ये आहेत. तारीख बदलायची, अध्यक्षांचं नाव बदलायचं, 'यंदाही' हा शब्द तसाच ठेवायचा. एका वर्षी नाव बदलायचं राहून गेलं आणि आदल्या पावसाळ्यात वारलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते अभिवादनाला 'प्रमुख उपस्थित' राहिले. लोक हसले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यायची म्हणून प्रतिनिधी त्यांच्या घरी माफी मागायला गेला, तर थोरला मुलगा म्हणाला, "असू द्या अण्णा. आई म्हणाली, एवढ्या वर्षांत एकदाही चुकवलं नाही त्यांनी."

1 नोव्हेंबरला मात्र त्याची खरी परीक्षा. 1956 साली या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं म्हणून मराठी माणसाचा काळा दिन, आणि राज्य झालं म्हणून कन्नड माणसाचा राज्योत्सव. गाव एक, रस्ते तेच, दिवस तोच. मोठ्या दिवसांना माणूस कमी पडतो म्हणून पेपरवाले प्रतिनिधीला निपाणीहून बेळगावला बोलावून घेतात. सकाळी संभाजी उद्यानापासून सायकल फेरी निघते, गल्ल्यागल्ल्यांतून फिरून मराठा मंदिरात सभा होते. तिथं प्रतिनिधी काळ्या शर्टात. संध्याकाळी चन्नम्मा सर्कलला लाल-पिवळे झेंडे आणि डीजेचा दणदणाट. तिथं प्रतिनिधी पांढऱ्या शर्टात, गळ्यात कन्नडमधलं ओळखपत्र. मधल्या वेळात काळा शर्ट घडी घालून रेक्झिनच्या बॅगेत जातो. एका वर्षी गर्दीत बॅगेची चेन तुटली आणि ऐन चन्नम्मा सर्कलवर काळी बाही बाहेर लोंबायला लागली. शेजारच्या हवालदारानं बघितलं. त्यानं ती हळूच आत सारली आणि म्हणाला, "प्रेस, मैयत आहे काय कुठं?" प्रतिनिधी म्हणाला, "व्हय, सकाळी होती."

त्याचा जोडीदार म्हणजे एका कन्नड पेपरचा बातमीदार. तोही कन्नडमधला 'नम्म प्रतिनिधी', त्यालाही नाव नाही. दोघं मिळून एका मोटरसायकलवर हिंडतात, पेट्रोल निम्मं निम्मं. याला सरकारी कन्नड नीट वाचता येत नाही, त्याला महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पत्रकातलं मराठी पचत नाही. मग चहाच्या गाड्यावर अदलाबदल होते. तो याला जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश समजावून सांगतो, हा त्याला निषेधाचा ठराव. "हौदु री," म्हणत तो टिपून घेतो. मग दोघं एकाच बाकड्यावर बसून, एकमेकांकडं पाठ न करता, एकमेकांविरुद्ध लिहितात. सभेला किती माणसं होती यावर त्यांचं भांडण होत नाही, कारण आकडा कुणीच मोजलेला नसतो. याच्याकडं 'विराट जनसागर' असतो आणि त्याच्याकडं 'मोजके कार्यकर्ते'. खरा आकडा तिथं शेंगदाणे विकणाऱ्याला ठाऊक असतो, पण त्याची पत्रकार परिषद कुणी घेत नाही.

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि बंगळूरचे मोठे पत्रकार येतात. 2012 साली राष्ट्रपतींच्या हस्ते या वास्तूचं उद्घाटन झालं, तेव्हापासून बहुतेक हिवाळ्यांत बेळगावची लॉजं भरतात. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी समितीचा महामेळावा जाहीर होतो, पोलीस परवानगी नाकारतात, धरपकड होते. बंगळूरवाले प्रतिनिधीला इंग्रजीत विचारतात, हा प्रश्न नेमका काय आहे? प्रतिनिधी महाजन आयोगापासून सुरुवात करतो. 1967 चा अहवाल, त्यात महाराष्ट्राला द्यायची 264 गावं, त्यात आमचं निपाणी होतं बरं का, बेळगाव मात्र नव्हतं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून तो मध्येच थांबतो आणि कुंदा कुठल्या दुकानातला घ्यायचा ते सांगतो. तेवढंच पाहुणे लिहून घेतात.

2022 च्या डिसेंबरात त्याला पेपरनं कोगनोळी नाक्यावर बसवलं. महाराष्ट्राचे दोन मंत्री, चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई, सीमाभागात यायचे होते. प्रतिनिधीनं 'जल्लोषी स्वागत' असं मथळ्यासकट लिहून ठेवलं होतं, फक्त फुलं कुठल्या रंगाची तेवढं भरायचं होतं. दौरा एकदा पुढं गेला, मग होऊ शकला नाही. मंत्री आले नाहीत, पण हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले. प्रतिनिधी फोनवर फोन करत राहिला. रात्री तो घरी आला तेव्हा 'जल्लोषी' खोडून त्यावर 'पोलिसी' असं लिहिलं होतं आणि 'स्वागत' तसंच राहिलं होतं. कार्यालयातल्या कुणीतरी ते वेळेवर पकडलं म्हणून बरं.

त्याच्या भाकितांबद्दल गावात आदर आहे. ती वाचून लोक उलटी पैज लावतात. 2013 च्या विधानसभेत समितीचे दोन आमदार निवडून आले तेव्हा त्यानं 'सीमाभागात नवचैतन्य' असं लिहिलं. 2018 ला एकही आला नाही, 2023 लाही नाही. मधे 2021 ची बेळगाव महापालिका. पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर लढवली गेलेली. प्रतिनिधीनं आदल्या दिवशी 'पालिकेवर भगवाच' असा मथळा दिला होता. निकालात 58 पैकी 35 जागा भाजपला गेल्या. कुणीतरी पेपरचा अंक नाचवत विचारलं, तर त्यानं शांतपणे उत्तर दिलं, "मी रंग लिहिला होता, पक्ष लिहिला नव्हता." आणि मग खालच्या आवाजात, "खरं सांगू काय? मतदारानं चूक केली, मी नाही."

मतदारानं काय केलं याचा शोध घ्यायला तो एकदाही कुठल्या वॉर्डात गेला नाही. गेला असता तर त्याला गटारं दिसली असती, चौथ्या-पाचव्या दिवशी येणारं पाणी दिसलं असतं, आणि मराठी शाळेतून पोरं काढून इंग्रजी शाळेत घालणारे, काळ्या दिनाला न चुकता सायकल काढणारे बाप दिसले असते. या सगळ्याला त्याच्या पेपरात जागा आहे. पान पाच, तळाशी, एक कॉलम.

एवढं सगळं असून गाव त्याला सोडत नाही, आणि ते उगाच नाही. पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये येते, उतारा कन्नडमध्ये येतो, वीजबिलावरचा दंड कन्नडमध्ये असतो. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागद मिळाले पाहिजेत असा 15 टक्क्यांचा नियम प्रतिनिधी दर दोन महिन्यांनी छापतो आणि उरलेले दिवस लोकांना कन्नड कागद वाचून दाखवतो. स्वतःला अडलं की जोडीदाराला फोन. महाराष्ट्र सरकारनं 2023 साली 865 गावांना आरोग्य योजना लागू केली, तेव्हा तिचा अर्ज कुठं मिळतो हे कुठल्याच कचेरीत कुणाला माहीत नव्हतं. लोक प्रतिनिधीकडं आले. त्यालाही माहीत नव्हतं, पण त्यानं कोल्हापूरला फोन लावून माहिती काढली. त्या आठवड्यात त्यानं एकही बातमी पाठवली नाही. माझ्या मते त्याची ती सगळ्यात चांगली पत्रकारिता.

कर्नाटकात पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवं असा कायदा 2024 साली झाला, तेव्हा पालिकेचा माणूस टेप घेऊन त्याच्या ऑफिसच्या पाटीपाशीही आला. पाटी दीड फुटांची. त्यात पेपरचं नाव, 'जाहिराती स्वीकारल्या जातील', 'वाढदिवस, श्रद्धांजली, दशक्रिया' असं सगळं बसवलेलं. पेंटरनं कन्नड मोठं काढलं आणि उरलेल्या जागेत मराठी इतकं बारीक झालं की ते वाचायला दारापर्यंत यावं लागे. यावर प्रतिनिधीनं तीन कॉलमी निषेध लिहिला. चार दिवसांनी मात्र त्याच्या लक्षात आलं की कन्नड वाचून दोन नवे जाहिरातदार आले आहेत. निषेधाचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला नाही.

जाहिरात हा त्याच्या आयुष्यातला नाजूक भाग. पगार असा नाही. मानधन असतं, ते येतं तेव्हा येतं. पोट चालतं ते वाढदिवसांवर. नेत्याचा वाढदिवस म्हणजे पानभर फोटो आणि तळाला शंभर शुभेच्छुक, नावं चढत्या वजनानं लावलेली. त्यातलं एक नाव खालीवर झालं तर दोन गट पडतात. ज्यांच्याकडून वर्षाला अशी पानं मिळतात त्यांच्याबद्दल प्रतिनिधी काय लिहिणार, हे सांगायला पत्रकारितेची पदवी लागत नाही. अलीकडे हातात माइक आणि त्याला चौकोनी ठोकळा लावलेली पोरं गावात हिंडू लागलीत. ती फोनवरच 'ब्रेकिंग' देतात, उघड्या चेंबरपाशी उभं राहून नगरसेवकाला जाब विचारतात. प्रतिनिधीला हे बघवत नाही. "यांना काही ताळतंत्र नाही. प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात," तो म्हणाला. तक्रार म्हणून म्हणाला.

तर मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्याच्या टेबलाशी एक विडी कामगार बाई आली. निपाणीत हे नवं नाही, घरोघरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आहेत. मजुरी हजार विड्यांवर ठरते. वळून नेलेल्या हजारातल्या काही विड्या कारखान्यात 'वाईट' म्हणून बाजूला काढतात, ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. बाईचं म्हणणं होतं की हल्ली छाट वाढलीय आणि काढलेली विडी परत दाखवतही नाहीत.

"आज किती काढल्या बघा," म्हणून तिनं पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. प्रतिनिधीनं चष्मा लावून ती वाचली, दोन्ही बाजूंनी वाचली. कारखान्याचं नाव बघितल्यावर त्याचा चष्मा आपोआप खाली आला. वाढदिवस दीड महिन्यावर होता, पान चारचा मजकूर तयार होता. तरी तो दगड नाही. त्यानं बातमी लिहिली. दुसऱ्या दिवशी पान पाचवर, तळाशी, आली : 'विडी कामगारांत नाराजी.' आत 'काही ठिकाणी', 'काही अंशी' आणि 'संबंधितांनी लक्ष घालावे'.

बाई अंक घेऊन परत आली. लेकीकडून वाचून घेतला होता. "नाराजी कुठनं आणली सायेब? मी छाट लिवा म्हटलं हुतं."

"छाट म्हणजेच नाराजी. पेपरात तसं लिहायची पद्धत असते."

"मग पद्धतीनं पैसं मिळत्यात काय?"

प्रतिनिधीनं तिला चहा सांगितला. ती चहा न पिता गेली.

पुढच्या आठवड्यात एका पुढाऱ्याची पत्रकार परिषद होती. विषय सीमाप्रश्न, पत्रकारांसाठी उप्पीट आणि शिरा. टेबलावर फुलांचा गुच्छ, समोर दहा-बारा खुर्च्या, मागं माइकवाली पोरं. प्रतिनिधी पहिल्या रांगेत, डोळे अर्धे मिटून. भाषण त्याला पाठ होतं, कारण त्यातला निम्मा मजकूर त्याच्याच जुन्या बातम्यांतला होता. पुढाऱ्यांनी 'काही प्रश्न?' असं विचारलं. ते विचारणं म्हणजे उठायची खूण, हे सगळ्यांना माहीत होतं. पत्रकार खुर्च्या सरकवायला लागले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मला हाय की प्रश्न."

तीच बाई. प्रतिनिधीला हुडकत ऑफिसात गेली होती, तिथं कुणीतरी इथला पत्ता दिला होता. हातात चिठ्ठी. "छाटीचं काय करताय सायेब? तुमी कोर्टात भांडताय ते भांडा, ते बी आमच्यासाठीच हाय. खरं हे इथल्या इथं हाय. कारखानदार तुमचाच मैतर, फोटूत असतोय तुमच्या शेजारी."

माइकवाल्या पोरांचे फोन एकदम वर झाले. पुढारी दोनदा हसले. पहिलं हसू सवयीचं होतं. मग म्हणाले, "ताई, हा विषय गंभीर आहे. आम्ही अभ्यास करतोय." बाई म्हणाली, "मला येतोय अभ्यास, मी सांगते," आणि तिनं हजारातल्या किती गेल्या, किती पैसे आले, महिन्याला किती बुडाले, सगळं तोंडी मांडलं. कुणीही मध्ये बोललं नाही. पुढाऱ्यांनी पाणी मागवलं.

माझी खुर्ची प्रतिनिधीच्या शेजारीच होती. मी बघत होतो, त्याचं चालणारं पेन चालत होतं. आकडे उतरवून घेत होता, बारीक अक्षरात, वहीच्या मागच्या पानावर. मला वाटलं, उद्या काहीतरी वेगळं वाचायला मिळणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच स्टँडवर जाऊन अंक घेतला. पहिल्या पानावर तीन कॉलम, मथळा 'सीमाप्रश्नी आता आरपारची लढाई'. भाषण होतं, गुच्छ होता, हाराचा फोटो होता. छाट कुठं दिसेना. शेवटच्या ओळीवर आलो तेव्हा ती अशी होती : 'यावेळी उपस्थितांच्या प्रश्नांना त्यांनी समर्पक उत्तरे दिली.'

मी अंक घेऊन तडक त्याच्याकडं गेलो. तो गठ्ठे सोडत होता. "प्रतिनिधी, हे काय? उत्तर कुठं दिलं त्यांनी? आणि समर्पक?"

त्यानं सुतळी बोटाला गुंडाळून खिशात टाकली, ती पुन्हा वापरायची असते. "तू शेवटची ओळ नीट वाचलीस काय?"

"वाचली. म्हणून तर आलो."

"चाळीस वर्षं मी तिथं एकच ओळ लिहीत आलोय, 'शेवटी उपस्थितांचे आभार मानण्यात आले.' काढ जुने अंक." त्यानं माझ्या हातातल्या अंकावर बोट ठेवलं. "यंदा पहिल्यांदाच 'प्रश्न' हा शब्द आलाय. तेही अनेकवचनात."

"पण बाईनं एकच प्रश्न विचारला होता."

"एवढं कळतं मला," तो म्हणाला आणि पेपर टाकायला सायकलवर बसला. "पुढच्या वेळचे धरून लिहिलंय."